सूर्यमालेपासून प्रसरणाऱ्या विश्वापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोलशास्त्राची अडचण अशी की अभ्यासाची वस्तू हातात येत नाही. चंद्रावरचे दगड, पृथ्वीवर पडलेल्या उल्का आणि काही लघुग्रहांवरून आणलेली मूठभर माती सोडली, तर बाकी जवळजवळ सगळं इथे बसून, पोचेल तेवढ्या प्रकाशावरून ताडायचं. म्हणून खाली प्रश्न 'काय' असा असला, तरी जमेल तिथे 'हे कळलं कसं' तेही सांगितलंय. आकडे विसरलात तरी चालेल. ते काढले कसे हे लक्षात राहिलं तर पुन्हा काढता येतात.

पृथ्वी सूर्यापासून लांब गेली की थंडी पडते, बरोबर ना?

नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सगळ्यात लांब जाते जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. उत्तर गोलार्धात थंडी नेमकी जवळ असताना पडते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. जो गोलार्ध सूर्याकडे झुकलेला, तिथे किरण जास्त उभे पडतात आणि दिवस मोठा असतो.

अंतराळवीर तरंगतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं, आणि चांगलं दणकून असतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. तरीही माणसं तरंगतात, कारण स्थानक, माणसं, हातातून सुटलेला स्क्रू हे सगळं एकत्र खाली पडत असतं.

मग जमिनीवर आदळत का नाही? हिशेब करून पाहा. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर. एका सेकंदात ते साधारण ४.३ मीटर खाली पडतं. पण तेवढ्याच सेकंदात ते ७.७ किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभाग त्या अंतरात ४.३ मीटरच खाली वळलेला असतो. पडणं आणि वळणं यांचा मेळ बसला की त्याला आपण कक्षा म्हणतो. चंद्र पृथ्वीभोवती आणि ग्रह सूर्याभोवती असेच पडत असतात.

सूर्यमालेतली अंतरं टेप न लावता कशी मोजली?

दोन टप्प्यांत. केपलरने १६१९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की ग्रहाच्या अंतराचा घन आणि प्रदक्षिणाकाळाचा वर्ग यांचं गुणोत्तर सगळ्या ग्रहांना सारखंच येतं. पृथ्वीचं अंतर १ आणि तिचं वर्ष १ धरा. गुरूला एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. त्याचा वर्ग साधारण १४०.७, आणि त्याचं घनमूळ ५.२. म्हणजे गुरू पृथ्वीच्या ५.२ पट लांब. नुसता फेरीचा काळ मोजून अख्ख्या सूर्यमालेचा नकाशा तयार होतो, फक्त त्याला प्रमाणपट्टी नसते.

प्रमाणपट्टीसाठी एक तरी अंतर किलोमीटरमध्ये हवं. आधी शुक्राच्या अधिक्रमणांवरून, म्हणजे तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो त्यावरून, ते काढायचा खटाटोप झाला. १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे तरंग सोडून परतीचा प्रतिध्वनी मोजला आणि प्रश्न मिटला. सूर्य आपल्यापासून सरासरी १४.९६ कोटी किलोमीटरवर आहे. त्याचा प्रकाश यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

प्लुटो ग्रह का नाही?

२००५ मध्ये त्याच्याच आकाराचा एरिस सापडला. मग एकतर दोघांनाही ग्रह म्हणा, आणि पुढे सापडतील त्यांनाही, किंवा व्याख्या ठरवा. २००६ मध्ये व्याख्या ठरली: ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लुटोने केलेला नाही, म्हणून तो बटुग्रह. प्लुटोला याने काही फरक पडलेला नाही. आपण उगाच हळहळतो.

सूर्य जळतो कशावर?

जळत नाही. एकोणिसाव्या शतकात हा फार मोठा पेच होता. सूर्य आकुंचन पावून उष्णता देत असेल असं धरलं, तर त्याचं वय काही कोटी वर्षं येई. भूगर्भशास्त्रज्ञांना खडकांसाठी त्याहून कितीतरी जास्त काळ हवा होता. भूगर्भवाले बरोबर होते.

सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश तापमानाला, हायड्रोजनच्या केंद्रकांचं एकत्रीकरण होऊन हेलियम बनतो. बनलेला हेलियम वापरलेल्या हायड्रोजनपेक्षा किंचित हलका भरतो आणि वजनातली ती तूट ऊर्जा म्हणून बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि त्यातले जेमतेम ४० लाख टन ऊर्जेत जातात. ऐकायला अवाढव्य वाटतं, पण गाभ्यातला एक घनमीटर भाग तीनशे वॉटच्या आसपासच ऊर्जा देतो. सूर्य प्रखर दिसतो तो केवळ प्रचंड मोठा आहे म्हणून.

हे कळलं कसं? गाभ्यातल्या या प्रक्रियेतून न्यूट्रिनो नावाचे कण सुटतात आणि अडथळा न येता थेट बाहेर पडतात. आत्ता तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला काही हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातायत. जमिनीखाली खोल टाक्या बसवून ते मोजले, तर आधी अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडले. तीस वर्षं कोणाला कळेना की चूक सूर्याच्या गणितात आहे की मोजण्यात. शेवटी दोन्हीकडे नव्हती. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि जुन्या टाक्यांना एकच प्रकार दिसत होता.

तिथे न जाता तारे कशाचे बनलेत हे कसं सांगता?

मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. ऑगस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. तो वारला १८५७ मध्ये. दोनच वर्षांनी किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी ती कळण्याची रीत शोधून काढली.

सूर्यप्रकाश लोलकातून नेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा, म्हणजे वर्णपट, दिसतो. तो पट्टा चांगला रुंद पसरवला, तर त्यात उभ्या बारीक काळ्या रेघा दिसतात. फ्राउनहोफरने १८१४ मध्ये अशा पाचशेहून जास्त रेघा मोजल्या होत्या, पण त्या का आहेत ते त्याला माहीत नव्हतं. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषतं. सोडियमची जोडरेघ पिवळ्या भागात जिथे यायची तिथेच येते, मग तो सोडियम प्रयोगशाळेतल्या ज्योतीत असो की सूर्यावर. म्हणजे रेघा हे ठसे आहेत. हेलियमचा ठसा तर १८६८ मध्ये आधी सूर्याच्या प्रकाशात दिसला. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये.

एक गुंता राहिला होता. सूर्याच्या वर्णपटात लोहाच्या रेघा ठळक आणि पुष्कळ, म्हणून सूर्य बराचसा पृथ्वीसारख्याच मिश्रणाचा असेल असा समज होता. मेघनाद साहांनी १९२० मध्ये सूत्र दिलं, की अमुक तापमानाला अमुक मूलद्रव्याच्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील. रेघ ठळक असणं म्हणजे ते द्रव्य जास्त असणं नव्हे; तापमानही पाहावं लागतं. ते सूत्र वापरून सिसिलिया पेन हिने १९२५ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तेव्हाच्या बड्या मंडळींना ते पटेना, आणि तिला प्रबंधातच 'हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा' अशा अर्थाचं लिहावं लागलं. काही वर्षांनी सगळ्यांनी तेच मान्य केलं.

प्रकाशवर्ष म्हणजे किती वर्षं?

वर्षं नव्हेत, अंतर. प्रकाश वर्षभरात जेवढा जातो तेवढं, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

ताऱ्यांचं अंतर कसं कळतं?

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा नाकाजवळ आणलात तर उडी मोठी. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि उडीचा कोन माहीत असला की अंगठ्याचं अंतर काढता येतं. या उडीला पराशय म्हणतात.

ताऱ्यांसाठी दोन डोळे म्हणजे जानेवारीतली पृथ्वी आणि जुलैमधली पृथ्वी. त्यांच्यात ३० कोटी किलोमीटर अंतर असूनही उडी इतकी बारीक, की ती पकडायला १८३८ साल उजाडलं. बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा पराशय मोजला, तो (ताऱ्यांच्या बाबतीत उडीचा निम्मा कोन धरतात) सुमारे ०.३१ विकला; विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. दोन सेंटिमीटरची वस्तू तेरा किलोमीटरवरून पाहिली तर एवढा कोन होतो. तारा निघाला सुमारे ११ प्रकाशवर्षांवर. अलीकडे गाया या अवकाश दुर्बिणीने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांसाठी हेच केलं.

सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर धावतंय. त्या वेगाने तेवढं अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील.

आपण पाहतो तो तारा आज नसेलही, हे खरं का?

वाक्य सुरेख आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांबाबत जवळजवळ कधीच खरं नाही. ते बहुतेक काहीशे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांवर आहेत आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो ते अब्जावधी वर्षांची. मृगातला तांबूस काक्षी म्हातारा आहे खरा, पण त्यालाही अजून बहुधा एखादा लाख वर्षं आहेत.

तारे मरतात कसे?

सगळं वजनावर ठरतं, आणि जड ताऱ्याचं आयुष्य कमी. त्याच्याकडे इंधन जास्त असतं, पण तो ते त्याहून कितीतरी जास्त वेगाने संपवतो. सूर्याची ४६० कोटी वर्षं झाली, अजून सुमारे ५०० कोटी बाकी आहेत. मग तो फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा, अतिशय घट्ट गोळा उरेल. तोच श्वेत बटू.

श्वेत बटूला तोलून धरणारा दाब इलेक्ट्रॉनांचा असतो. १९३० मध्ये, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर, एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणित मांडलं की या दाबालाही मर्यादा आहे: सूर्याच्या वजनाच्या साधारण १.४ पट. त्यापुढे गोळा टिकत नाही. एडिंग्टनसारख्या दिग्गजाने १९३५ मध्ये भर सभेत त्याची खिल्ली उडवली. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड ताऱ्याचा गाभा ही मर्यादा ओलांडतो आणि क्षणार्धात कोसळतो. बाहेरचे थर उधळतात, तो अतिनवतारा. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी १,६८,००० प्रकाशवर्षांवरचा असा एक स्फोट दिसला. प्रकाशाच्या काही तास आधी जगभरच्या भूमिगत टाक्यांमध्ये मिळून जेमतेम पंचवीस न्यूट्रिनो पकडले गेले होते. पंचवीस कण, पण गाभा खरोखर कोसळला याची तीच साक्ष. उरतो तो वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा, नाहीतर कृष्णविवर.

कृष्णविवर सगळं गिळत सुटतं का?

नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, फक्त अंधारात आणि गारठून. विवराची त्रिज्या असेल तीन किलोमीटर. अगदी जवळ गेल्यावरच परतीचा रस्ता बंद होतो.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी एक आहे. ते दिसत नाही, पण त्याच्याभोवतीचे तारे दिसतात. त्यातला एक सोळा वर्षांत फेरी पूर्ण करतो आणि विवराजवळून जाताना सेकंदाला ७,००० किलोमीटरहून जास्त वेग घेतो. कक्षा आणि काळ कळला की मधलं वजन निघतं. वर गुरूसाठी केलेलंच गणित. उत्तर येतं चाळीस लाखांहून जास्त सूर्य, आणि तेही अगदी छोट्या जागेत. या कामासाठी गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं.

आकाशगंगेपलीकडेही काही आहे हे कधी कळलं?

शंभर वर्षांपूर्वीच. १९२० मध्ये यावर जाहीर वाद झाला होता: आकाशातले ते सर्पिल तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेतले ढग, की आकाशगंगेसारख्याच स्वतंत्र दीर्घिका? अंतर कळल्याशिवाय निकाल लागणं शक्य नव्हतं, आणि पराशय इतक्या लांब उपयोगाचा नाही.

किल्ली हेन्रिएटा लेव्हिटकडे होती. काचेच्या छायापट्ट्यांवर ठिपके तपासण्याचं काम करताना तिने सेफिड प्रकारच्या ताऱ्यांचा अभ्यास केला. हे तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. एकाच छोट्या मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरचे, २५ सेफिड घेऊन तिने १९१२ मध्ये दाखवलं की जितका जास्त तेजस्वी तारा, तितका त्याचा काळ मोठा. आता कुठलाही सेफिड घ्या, दिवस मोजा, खरं तेज कळतं. दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर मिळतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलने देवयानीच्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. तीन ठिपक्यांवर त्याने नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, असल्याची खूण केली. मग जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या तर त्यातला एक पूर्वीही उजळून मंदावला होता. त्याने खूण खोडली आणि तिथे 'चल तारा' या अर्थाचं लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं. सेफिड, काळ ३१ दिवस. अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षं, आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर. (आजचा आकडा २५ लाख. चूक का झाली ते पुढे येतंय.)

विश्व प्रसरण पावतं म्हणजे नेमकं काय होतं?

दीर्घिकांमधलं अंतर वाढतं. एक इलॅस्टिकची पट्टी घ्या, दर सेंटिमीटरला शाईचा ठिपका द्या आणि पट्टी दुप्पट ताणा. तुमचा ठिपका कुठलाही असो, शेजारचा एक सेंटिमीटर लांब गेला, पाचवा पाच सेंटिमीटर लांब गेला. तेवढ्याच वेळात पाचपट अंतर, म्हणजे पाचपट वेग. दुसऱ्या ठिपक्यावर बसून मोजा, तेच दिसेल. त्यामुळे 'केंद्र कुठे आहे' याला उत्तर नाही. पट्टीवरच्या कुठल्याच ठिपक्याला विशेष मान नाही.

दीर्घिकांच्या वर्णपटातल्या त्याच काळ्या रेघा लाल बाजूला सरकलेल्या दिसतात. ही ताम्रसृती. वाटेत अवकाश ताणलं गेलं, त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही. लमेत्रने १९२७ मध्ये आणि हबलने १९२९ मध्ये अंतर जास्त तर वेग जास्त हे नातं मांडलं.

मग आपणही फुगतोय का?

नाही. अणू, माणूस, सूर्यमाला, अख्खी आकाशगंगा हे आपापल्या बलांनी बांधलेलं आहे. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय.

महास्फोट झाला याचा पुरावा काय?

आधी नाव विसरा. रिकाम्या जागेत कुठेतरी बॉम्ब फुटला असं काही नव्हतं. सगळीकडेच सगळं दाट आणि तप्त होतं, आणि ते विरळ होत गेलं.

१९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात एक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, तेवढीच. कर्ण्यात कबुतरांनी घरटं केलं होतं. ती हाकलली, विष्ठा घासून काढली, खरखर तशीच. ती होती विश्व ३,८०,००० वर्षांचं असतानाचा प्रकाश. तेव्हा तापमान सुमारे ३,००० केल्विन होतं. त्यानंतर विश्व सुमारे अकराशे पट ताणलं गेलं, त्यामुळे आज तो २.७ केल्विनचे सूक्ष्मतरंग म्हणून पोचतो.

विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, मग दिसणारं विश्व ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत कसं?

प्रकाश चालत असताना रस्ता लांबत होता. ज्या जागेवरून तो निघाला ती जागा दरम्यानच्या काळात दूर गेली. ४,६०० कोटी हे तिचं आजचं अंतर.

कृष्ण पदार्थ आणि कृष्ण ऊर्जा एकच का?

फक्त नावाचा पहिला शब्द सारखा. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगात फिरतात की दिसणाऱ्या वस्तुमानाची ओढ त्यांना धरून ठेवायला पुरणार नाही. व्हेरा रुबिनने १९७० च्या दशकात हे एकामागून एक दीर्घिकांत दाखवलं. म्हणजे न दिसणारं काहीतरी ओढतंय, तो कृष्ण पदार्थ. कृष्ण ऊर्जा उलट कामाची: १९९८ मध्ये दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे ते अपेक्षेहून लांब गेलेत, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय. विश्वाचा एकूण हिशेब असा लागतो: कृष्ण ऊर्जा सुमारे ६८ टक्के, कृष्ण पदार्थ २७, आणि आपल्या ओळखीचे अणू ५. ही नावं म्हणजे उत्तरं नव्हेत, पाट्या आहेत.

प्रसरणाचा वेग किती?

इथे भांडण चालू आहे. हबलला मिळाला दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ५०० किलोमीटर. त्यावरून विश्वाचं वय येई २०० कोटी वर्षं, आणि पृथ्वीचे खडक त्याहून जुने निघू लागले. आई लेकीपेक्षा लहान! १९५२ मध्ये बाडने दाखवलं की सेफिड दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत झाली होती. अंतरं एकदम दुप्पट झाली.

आज सेफिड आणि अतिनवतारे यांवरून आकडा ७३ च्या आसपास येतो, त्या जुन्या सूक्ष्मतरंगांवरून ६७. फरक लहान दिसतो, पण दोन्ही मोजण्या आता इतक्या नेमक्या आहेत की तो चुकीच्या मर्यादेत बसत नाही. कुठेतरी अंतरं मोजण्याच्या शिडीची एखादी पायरी हललेली आहे, किंवा विश्वाबद्दल काहीतरी सुटलंय.

यातलं काही दुर्बिणीशिवाय पाहता येईल का?

देवयानी दीर्घिका. उत्तर गोलार्धातून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, चंद्र नसताना, दिव्यांपासून लांब जा. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून बाहेर जाणाऱ्या ओळीत दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जा, तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला वळा आणि दोन मंद तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी पुसट डाग दिसेल. थेट बघितलंत तर तो हरवतो. नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे परत येतो. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.